यंत्राच्या पोटातले घड्याळ

संगणकाला दोन घड्याळे असतात, ही गोष्ट तो रोज वापरणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. एक पडद्याच्या कोपऱ्यात दिसते. ते यंत्र चालू असेपर्यंतच चालते. दुसरे पोटात असते. मेन स्विच बंद झाला, घरातली माणसे निजली, तरी ते बिचारे जागत बसते. त्याचा चरितार्थ नाण्याएवढ्या एका सेलवर: २० मिलिमीटर रुंद, ३ व्होल्टचा. आत क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा कुणी लहरीने निवडलेला नाही. तो पंधरा वेळा निम्मा करीत गेले की नेमका एक उरतो, आणि तोच आपला सेकंद. १९८१ साली आय.बी.एम.ने काढलेल्या पहिल्या पी.सी.त ही सोय नव्हती. सुरू केला की तो मालकालाच तारीख आणि वेळ विचारीत असे. १९८४ च्या ए.टी. यंत्रापासून सेलवरचे घड्याळ आले आणि ही विचारपूस थांबली.

हे पुराण सांगावयाचे कारण आमच्या महाविद्यालयातील निवृत्त विभागप्रमुख. सर गेल्या पावसाळ्यात वारले. मागे आठवणींचे एक हस्तलिखित ठेवून गेले. हस्तलिखित म्हणायचे ते सवयीने, कारण ते होते संगणकात, विंडोज एक्स.पी.वर, जुन्या वळणाच्या टंकात. तो टंक नव्या यंत्रावर उघडला की 'क'च्या जागी चंद्रकोर आणि 'म'च्या जागी उद्गारचिन्ह. म्हणून सरांनी ते यंत्र शेवटपर्यंत सोडले नाही. काकूंनी मला बोलावून घेतले.

"छापायचं आहे. पण ह्यांनी शेवटी जे ठेवलं असेल तेच. आधीचं नको."

फाइली दोन निघाल्या, आणि दोहोंवर तारीख एकच: १ जानेवारी २००२.

सेल संपलेला होता. शिवाय काटकसरी स्वभावाप्रमाणे सर रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करीत. त्यामुळे दर सकाळी ते यंत्र कारखान्यात शिकवलेल्या पहिल्या तारखेला जागे होई. एका फाइलीवर बारा चाळीस, दुसरीवर दोन दहा अशी वेळ होती. पण त्यावरून त्या दिवशी सर किती वेळ बैठक मारून होते एवढेच कळत होते!

आधी दोन्ही फाइलींच्या नकला काढून घेतल्या, मग दुरुस्तीला हात घातला. काम अवघड नाही. यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढावी, झाकण उघडावे, सेलची खिटी दाबावी. तो आपोआप वर येतो. सी.आर. २०३२ या नावाचा नवा सेल अधिक-चिन्ह वर ठेवून बसवावा. सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून (यंत्रागणिक रीत निराळी) आतल्या पाटीवर तारीख आणि वेळ भरावी व जतन करून बाहेर यावे. तारीख फारच चुकलेली असली तर एक्स.पी. इंटरनेटवरून वेळ घ्यायलाही नकार देते, म्हणून ती आधी हातानेच भरावी लागते. माझे मत विचाराल तर एक्स.पी.ला इंटरनेट दाखवूच नये. कंपनीने तिची देखभाल एप्रिल २०१४ मध्येच थांबवली. मनगटावरचे घड्याळ तिला पुरते.

घड्याळ नेमके साडेपाच तास चुकत असेल तर मात्र सेलला दोष देऊ नये. विंडोज पोटातल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा जागतिक वेळ. दोघी जावा एकाच यंत्रात नांदत असल्या की हा घोटाळा होतो. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की भांडण मिटते. आपल्या मुंबईनेही असले दिवस काढले आहेत. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत तग धरून होती.

घड्याळ सुधारले, पण जुन्या फाइलींवरच्या तारखा त्याने सुधारत नाहीत. आता काम माझ्या धंद्यातले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढेही पाठभेदच होते. आमच्यापुढे नुसते दोन! दोन दहाची फाइल मोठी होती, तीत एक प्रकरण जास्त. वेळेने मागची आणि पानांनीही भरलेली, तेव्हा हीच शेवटची, असे काकूंच्या भाच्याने जाहीर करून टाकले. मी दोन्ही ओळीओळीने ताडून पाहिल्या. लहान फाइलीच्या शेवटाकडे सरांनी लिहिले होते की मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. ती गोष्ट ऑक्टोबर २०२४ ची. मोठ्या फाइलीत त्याच जागी दर्जा कधी मिळणार म्हणून त्रागा होता.

म्हणजे लहान फाइल नंतरची, आणि ते जादा प्रकरण सरांनी स्वतःच काढून टाकलेले. ते त्यांच्या धाकट्या भावाविषयी होते; वाटणीच्या वेळचे सगळे, नावानिशी.

मी काकूंना एवढेच सांगितले की एक प्रकरण त्यांनी गाळले आहे.

"भाऊजींचं असेल," काकू म्हणाल्या. "मागल्या दिवाळीत दोघं तीन तास बोलत बसले होते." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

लहान फाइल छापखान्यात गेली आहे. मोठीची नकल माझ्याजवळ होती, ती मी पुसून टाकली.