भीतीचा पंचनामा

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने काही आठवड्यांत तिघांचा जीव घेतला. त्यांत दोन लेकरं होती. लोक रस्त्यावर उतरले, पिंजरे लागले, आणि शेतात जाणारी माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधू लागली. आई असा पट्टा बांधून उसात शिरते आणि पोर दारातून बघत राहतं. बिबट्याने शेळी मारली तर पंचनामा होतो. त्या पोराच्या भीतीचा होत नाही.

शेजारच्या दौंडमध्ये उसाचंच वेगळं दुखणं. गाळप हंगाम सुरू झाला की तोडणीला आलेल्या कुटुंबांच्या कोप्या पडतात. आईबाप पहाटेच फडात जातात. नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन मागे राहते. गावाकडची शाळा तुटलेली, इथली अजून आपली वाटत नाही.

अशा मुलांना तज्ज्ञाकडे न्यायचं म्हणजे घरच्यांनी मजुरी बुडवून गाडीभाडं घालायचं. म्हणूनच मला टेलि-मानसचं मोल वाटतं. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या नंबरवर मोफत आणि चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. पण घरातला फोन बापाच्या खिशात आणि बाप फडात. संध्याकाळी फोन हाती आला, तरी एका खोलीच्या कोपीत सगळ्यांदेखत मनातलं कसं बोलणार? तो फोन लागायचा तर शाळेतूनच लागला पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, हेल्पलाइनचे नंबर ठळक लावावेत. वाड्यावस्त्यांवरच्या दोन शिक्षकी शाळेला समुपदेशक मिळणार नाही. तिला हा फोनच आधार, आणि तो लावून देणारे गुरुजी किंवा बाई.

कारण पहिली खूण त्यांनाच दिसते. पाढे घडाघडा म्हणणारा पोरगा अचानक गप्प होतो, खिचडीचं ताट तसंच ठेवतो, शाळा सुटली तरी एकटा निघत नाही. अशा मुलाच्या हातात नुसता मोबाइल देऊन भागणार नाही. त्याच्याशेजारी बसून ‘काय झालं रे बाळा?’ विचारणारं माणूस आधी हवं, फोन त्यानंतर. काय बोलावं हे सुचत नसेल तर शिक्षकांनी स्वतः 14416 लावून सल्ला घ्यावा. तशी सोय आहे. मुलाने सांगितलेलं मात्र शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. एकदा विश्वास तुटला की ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

जिल्हा परिषदेला माझी कळकळीची विनंती आहे : शिक्षकांवरचा ऑनलाइन माहिती भरण्याचा भार कमी करा आणि तो वेळ मुलांशी बोलायला द्या. मुख्याध्यापकांनो, हे दोन्ही नंबर प्रत्येक वर्गात लावा आणि फोन कसा करायचा ते मुलांना करून दाखवा. पालकांनो, शाळेत गेलात की मार्कांच्या आधी एवढंच विचारा : माझं लेकरू वर्गात बोलतं का?