धडधडीची गोळी नेमकी कशासाठी?

बोरिवलीहून फास्ट पकडावी, दारातून कसंबसं आत शिरावं आणि अंधेरी यायच्या आत छातीत काहीतरी कोलांटी मारल्यासारखं व्हावं. एक ठोका चुकतो, मग धाडकन एक मोठा. पुढची वाट ठरलेली: ईसीजी, टूडी एको, चोवीस तासांचा होल्टर. शेवटी डॉक्टर म्हणतात, "हार्ट चांगलं आहे. एक्टोपिक बीट्स आहेत, काळजीचं कारण नाही. हवी तर गोळी देतो." त्या 'हवी तर'पाशी माणूस अडकतो.

हृदयाचे दिवसाला साधारण 1 लाख ठोके पडतात. त्यातला एखादा ठोका घाई करतो, तोच एक्टोपिक. हृदय पुरतं भरलेलंच नसतं, म्हणून तो बहुधा जाणवत नाही. मग हृदय क्षणभर थांबतं. तेवढ्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपण दचकतो तो या शहाण्या ठोक्याला, आगाऊ ठोका केव्हाच निसटलेला असतो.

ही गोळी, बहुधा मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, असे निरुपद्रवी ठोके असणाऱ्याचं आयुष्य वाढवत नाही. तिचं काम तुमची घालमेल कमी करणं. ठोके पुसले की धोका टळला, असं एकेकाळी डॉक्टरांनाही वाटायचं. अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णांना ठोके दाबणारी दोन जास्त कडक औषधं दिली. 1991 साली आकडे छापून आले: औषध घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26. ते रुग्ण वेगळे, ती औषधंही वेगळी, त्यामुळे मेटोप्रोलॉलला घाबरू नका. पण ईसीजीची पट्टी साफ दिसली म्हणजे माणूस वाचला, हा हिशेब तेव्हाच मोडला.

मात्र 'काळजीचं कारण नाही' हे तपासण्या पाहून डॉक्टरांनी म्हणायचं वाक्य आहे, शेजारच्या काकूंनी नव्हे. शुद्ध हरपली, छातीत दुखलं, पळताना किंवा जिना चढतानाच धडधड झाली, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थांबू नका. साठीनंतर नाडी सतत वेडीवाकडी लागत असेल तर ते प्रकरणच वेगळं. तिथे पक्षाघात टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवण्याचं औषध लागू शकतं. होल्टरवर आगाऊ ठोके हजारोंनी मोजले गेले असतील, तर उपचार हवा की नको हे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

हे सगळं नसेल तर आधी स्वतःकडे पाहा. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासलंय का? उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी किती चहा होतो? सिगरेट, अपुरी झोप, सर्दीची गोळी, दम्याचा पंप? दोन आठवडे वहीत लिहून पाहा.

तरीही झोप उडत असेल, कामात लक्ष लागत नसेल, गाडीत चढायचीच भीती बसली असेल, तर गोळी घ्यायला लाज कसली? फक्त दमा, मधुमेह, मुळात मंद नाडी यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना सांगा. थकवा, गार पडणारे हातपाय हे होऊ शकतं. किती दिवस घ्यायची, हेही त्याच भेटीत विचारून ठेवा. आणि नियमित घेत असाल तर बरं वाटलं म्हणून एका रात्रीत बंद करू नका. धडधड उलटून वाढते. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी तर घेऊच नका.

मुलुंडला आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी तीन महिने घेतली, मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करत थांबवली. ठोके अजून चुकतात. "आला बघा," म्हणतात आणि पोळी उलटतात.