पहिली लेन्स कोणती घेऊ, दादा?



या वेळी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. नोकरी लागून तिला सहा महिने झाले. साठवलेल्या पैशांतून तिने मिररलेस कॅमेरा घेतला, सोबत नेहमीची १८-५५ ची लेन्स. "दादा, दुकानदार म्हणतोय थोडे पैसे अजून घाला, मोठी झूम लेन्स पण घेऊन टाका, बॅग फुकट देतो. घेऊ का?"

मी म्हटलं, थांब. आणि पुढचा अर्धा तास जे बोललो तेच इथे लिहितोय, कारण दिवाळीच्या सुमारास हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच.

सल्ला द्यायचा माझा अधिकार एवढाच, की मी यात नीट चुकलेलो आहे. सहा वर्षांपूर्वी मी डीएसएलआर घेतला तेव्हा अशीच जोडी घेतली होती: १८-५५ आणि ७०-३००. डोक्यात कान्हाचा वाघ होता, पातालपाणीचा धबधबा होता. महिन्याभरातच आजीचं सहस्रचंद्रदर्शन आलं. रामबागेतल्या जुन्या घरी, संध्याकाळी, सगळी नातवंडं जमलेली. ८१ दिवे लावले, आणि दिवे छान दिसावेत म्हणून काकाने ट्यूबलाइट बंद केली. नवा कॅमेरा गळ्यात अडकवून मी अगदी समोर उभा.

एकही फोटो धड आला नाही. दिवे तेवढे दिसतात, ओवाळणाऱ्या आत्याच्या हाताचा पिवळा पट्टा झालाय, आणि आजी मान हलवत सगळ्यांकडे बघत होती म्हणून तिला तीन-तीन नाकं आहेत. मग मी फ्लॅश मारला. दिव्यांचा उजेड मेला, आणि पंधरा दिवसांपूर्वीच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजीने डोळे घट्ट मिटून घेतले. आत्या म्हणाली, "पुरे रे बाबा ते चमकवणं." त्या दिवसाचा भिंतीवर लागलेला फोटो काकाच्या मोबाइलमधला आहे. लांबून बरा दिसतो. जवळ गेलं की चेहरा मेणाचा वाटतो.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. लेन्सवर जो 'एफ'चा आकडा असतो तो मी वाचलाच नव्हता. १८-५५ वर लिहिलेलं असतं ३.५-५.६. म्हणजे झूम करत ५५ वर गेलात की लेन्सचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ एवढंच उघडतं. हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. एफ १.८ ची लेन्स ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते (५.६ भागिले १.८, आणि उत्तराचा वर्ग, गणिताची हौस असेल त्यांनी करून बघा). त्या संध्याकाळी माझा कॅमेरा एक-एक फोटो सेकंदाच्या पंधराव्या भागात काढत होता. एफ १.८ असती तर तोच फोटो दीडशेव्या भागात निघाला असता आणि आजीला एकच नाक राहिलं असतं. दुकानात 'स्टॅबिलायझेशन आहे ना' असं सांगतात. ते तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. समोरचं माणूस हललं तर त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून बहिणीला पहिला प्रश्न विचारला, तू फोटो कुठे काढणार? ती म्हणाली, घरी, आईबाबांचे, गणपतीत, मैत्रिणींच्या लग्नात. म्हणजे खोलीत आणि संध्याकाळी. आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर हेच असतं, आणि तरी आपण वाघाची लेन्स घेऊन घरी येतो.

आता १.८ मध्ये ३५ घ्यायची की ५०? इथे खोली मोजायची. या बेताच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. समोरचं माणूस १० फुटांवर असेल तर ३५ च्या लेन्समध्ये पावणेसात फूट रुंदीचं दृश्य मावतं, ५० मध्ये पावणेपाच फूट. आमची बैठक १० बाय १२ ची, त्यात दिवाण आणि टीव्हीचं कपाट. तिथे ५० लावली की मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकते आणि सोफ्यावरच्या चौघांतला एक बाहेर राहतो. ५० ची लेन्स वाईट नाही. एकट्या माणसाचा चेहरा तिच्यात फार सुंदर येतो, बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्समध्ये ती मोडते, आणि काहींची तर जेमतेम १६० ग्रॅमची आहे. अंगण असेल, गच्ची असेल, तर खुशाल ५० घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ३५.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. १८-५५ ची लेन्स ३५ च्या खुणेवर चिकटपट्टीने बांधून टाका आणि एक रविवार तशीच वापरा. पुढच्या रविवारी ५० वर. कोणत्या दिवशी जास्त चिडचिड झाली ते लक्षात येईलच. ही परीक्षा फुकट आहे.

मी हे उशिरा आणि आमच्या धंद्याच्या पद्धतीने केलं. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कितीच्या लेन्सने काढला याची नोंद असते. एका रविवारी छोटा प्रोग्रॅम लिहून दोन वर्षांच्या फोटोंची मोजणी केली. चारातले तीन फोटो १८ ते ४० च्या दरम्यानचे. ७०-३०० चे एकूण एकसष्ट, आणि त्यातले चाळीस चंद्राचे! आजीने हजार चंद्र पाहिले, मी चाळीस टिपले, आणि त्यातला एकही कोणाला दाखवण्यासारखा नाही. कान्हाला गेलो होतो तेव्हा वाघ दिसलाच नाही.

मोठी झूम कोणी घ्यावी? ज्यांना पक्षी बघायचा नाद आहे त्यांनी जरूर. सिरपूर तलाव आपल्या शहरातच आहे, तिथे ३५ घेऊन गेलात तर पक्षी म्हणून एक ठिपका मिळेल. शाळेच्या स्टेजवरच्या कार्यक्रमालाही लांबची लेन्स लागते. पण आधी वर्षभर गरज भासू द्या. अनंत चतुर्दशीच्या रात्री झाँकी बघायला जाणाऱ्यांना मात्र मी पुन्हा १.८ च सांगेन. चित्ररथ अगदी जवळून जातात, रोषणाई झगमगती आणि माणसं अंधारात. आणि रंगपंचमीच्या गेरला लेन्स बदलण्याचा विचारही नको. लांब होणारी झूम फिरवताना पंपासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर गुलालही. त्या दिवशी जुना मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून जा आणि मनसोक्त खेळा.

जुनी लेन्स विकत घेत असाल तर दोन गोष्टी बघा. एक, ती तुमच्या कॅमेऱ्याला बसते का. एकाच कंपनीत जुन्या-नव्या खाचा वेगळ्या असतात, आणि निकॉनच्या सुरुवातीच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये फोकसची मोटर नसल्याने काही जुन्या लेन्स हाताने फिरवाव्या लागतात. दोन, मागून मोबाइलचा टॉर्च लावून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

बुरशीवरून बॅगेकडे येतो. आजोबांकडे अॅग्फाचा क्लिक थ्री होता. एकच लेन्स, तीही न निघणारी, एका रोलमध्ये १२ फोटो. तपकिरी चामड्याच्या बटणवाल्या कव्हरात तो पंचवीस वर्षं कपाटात राहिला. चामडं ओल धरतं. मी उघडला तेव्हा भिंगावर पांढरी नक्षी उठली होती. तेव्हा चामड्याची बॅग दिसायला कितीही झोकदार असली तरी ती फिरायला न्यायची, कॅमेरा मुक्कामाला त्यात ठेवायचा नाही. पावसाळ्यात तर कोणत्याच बॅगेत नाही. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा.

आता ती फुकटची बॅग. माझी काळी होती, वर कंपनीचं नाव पांढऱ्या ठळक अक्षरांत, म्हणजे सराफ्याच्या गर्दीत 'आत महागडी वस्तू आहे' अशी पाटीच. दोन लेन्स, चार्जर, सगळं भरलं की साडेतीन किलो. पहिल्या महिन्यात मी ती तीनदा नेली. मग ती माळ्यावर गेली, आणि तिच्याबरोबर कॅमेराही.

बहिणीला सांगितलं, बॅग दुकानात रिकामी बघू नकोस. कॅमेरा लेन्ससकट घेऊन जा, आत घाल, खांद्याला लाव आणि चेन उघडून एका हाताने कॅमेरा बाहेर काढून बघ. दुसरा हात लागत असेल तर ती बॅग नको. कॅमेरा, एक जास्तीची लेन्स, बॅटरी आणि पुसायचं फडकं, एवढंच मावेल अशी घे. जागा जास्त असली की आपण ती भरतोच. पावसाचं कव्हर आहे का बघ.

माझी सध्याची बॅग बाजारातली नाही. 'पिशवी' या शब्दावर आजीचे कान टवकारतात. मी ऑफिसच्या बॅगेत कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळून नेतो हे तिने पाहिलं आणि जुन्या नऊवारीच्या पदरांची गोधडी शिवतात तशी, चार थर घालून एक खोळ शिवून दिली. मध्ये लेन्सपुरता कप्पा. मापाला कॅमेरा मागितला, तो हातात घेऊन म्हणाली, "एवढा जड? आणि तुझ्या आजोबांचा केवढासा होता." आता ती खोळ कुठल्याही पिशवीत बसते, आणि आत कॅमेरा असेल असं कोणाला वाटत नाही.

३५ ची लेन्स मी अखेर घेतली. दिव्यांची ती संध्याकाळ काही परत येणार नाही. पण सकाळी आठच्या सुमारास माजघराच्या खिडकीतून ऊन येतं आणि आजी तिथे वाती वळत बसते. एका रविवारी तिथेच पाटावर बसून फोटो काढले, फ्लॅश नाही, काही नाही. बोटांना चिकटलेला कापूससुद्धा दिसतो. मोठा प्रिंट काढून तिला दाखवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सुरकुत्या मोजायच्या होत्या का रे तुला?"

मग तोच प्रिंट आत्याला दाखवायला घेऊन गेली.

बहिणीने मोठी झूम घेतलेली नाही. ३५ च्या खुणेवर चिकटपट्टी लावून परवा तिने पहिला फोटो पाठवला. मावशी पोहे परतते आहे, आणि काकांचा अर्धाच चेहरा आलाय. मी कळवलं, एक पाऊल मागे जा. तिचं उत्तर आलं, "दादा, मागे फ्रिज आहे."