कायदा कपाटांत, सही कागदावर

व्यापारी खतावणी वाचल्यावांचून तीवर सही करीत नाहीं. मग गांवच्या पैशाच्या कागदावर न वाचतां सही कां व्हावी? धाराशिव जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या, जिल्हा परिषदेचा १९६१ च्या व नगरपरिषदांचा १९६५ च्या कायद्यानें चालतो. वर्षांत निदान चार ग्रामसभा भरल्या पाहिजेत; पुरेशा कारणावांचून त्यांत कसूर करणारा सरपंच अपात्र ठरूं शकतो. २०११ सालीं निम्म्या जागा स्त्रियांस राखून ठेवण्यांत आल्या, हें योग्यच झालें. परंतु नव्या सरपंचबाईंस कायदा न शिकवितां ‘येथें सही करा’ म्हणणें म्हणजे अधिकार देऊन हात बांधणें होय.

पुण्याच्या ‘यशदा’ संस्थेंत प्रशिक्षण मिळतें; तें भूम-परांड्यासहि पोहोंचावें. आमची सूचना अशी कीं, प्रत्येक कार्यालयांत सुबोध मराठी नियमपुस्तिका टेबलावर असावी आणि नव्या पदाधिकाऱ्यांस पहिल्या तीन महिन्यांत तालुक्याच्या ठिकाणींच शिकवावें.

शहरवासीयांचेंहि कर्तव्य आहे. घरपट्टी आपण भरतों. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें ठरावाची नक्कल मागतां येते व ३० दिवसांत उत्तर देणें बंधनकारक असतें. जो करदाता विचारीत नाहीं, तो गैरकारभारांतील मुका भागीदारच होय!