सेलमधला खेळ आणि खेळातले सेल

मागच्या दसऱ्याला बाजारात गेलो होतो शर्टाचं कापड आणायला. एका दुकानाच्या दारात ‘सेल’चा फलक दिसला आणि पाय आपोआप तिकडे वळले. घरी आलो तेव्हा कापड नव्हतंच. हातात होतं एक प्रश्नमंजूषेचं यंत्र! पडद्यावर प्रश्न उमटणार, खाली अ-ब-क-ड अशी चार बटणं. २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं, तेव्हापासून चार पर्यायांचं वेड आपल्या घरांत शिरलं ते अजून गेलेलं नाही. छापील किंमत ८९९ रुपये, मला मिळालं २४९ ला. त्यातून धाकटीच्या शाळेत सामान्यज्ञानाची स्पर्धा तोंडावर आलेली. सौ.ला म्हटलं, “बघ, कसा सौदा केला!”

सौ.ने एकच प्रश्न विचारला, “चालू करून बघितलं का?”

बघितलं नव्हतं. बटण दाबलं, यंत्र ढिम्म. मागचं झाकण उघडलं तर आत आधीपासून बसवलेले चार पेन्सिल सेल आणि स्प्रिंगांवर पांढरी भुकटी. सेल वर्षानुवर्षं आत राहिले की झिरपतात. आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मॅडमना विचारलं. सेलवर अल्कलाइन लिहिलंय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. अल्कली आहे, बोटाला लावून घेऊ नका. कापसाच्या बोळ्यावर लिंबाचे दोन थेंब घ्या, पुसा, मग कोरडं करा.”

मी लिंबू मागितलं. बीदरहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “निंबेहण्णु कशाला? सरबत करता काय?” कामवाल्या बाईंनी तेवढ्यात “निम्मकाय” म्हणत ते हातावर ठेवलंसुद्धा. तीन भाषांच्या घरात एक लिंबू असं फिरून येतं. पुसल्यावर स्प्रिंगा चकाकल्या. काट राहिला होता तिथे पॉलिश पेपर फिरवला.

आता नवे सेल. पण खर्च कशाला म्हणून कॅमेऱ्याचे जुने चार्जिंगचे सेल घातले. पडदा उजळला, आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्या उत्तराला यंत्र ‘टँ’ करायला गेलं आणि बंद! साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट, म्हणजे चारांचे सहा. चार्जिंगच्या सेलचा १.२, म्हणजे चारांचे ४.८. पुष्कळ यंत्रांना तेवढं पुरतं. पण आमचे सेल थकलेले होते. नुसता पडदा लागायला वीज थोडी लागते, आवाज काढायला जास्त. ती ओढली की दाब आणखी खाली येतो.

शेवटी नवे सेल आणले. एक संध्याकाळ छान गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंधार. मल्टिमीटर लावला. तीन सेल दीडच्या वर, चौथा १.१. चौकशीअंती कळलं की नव्यातला एक भिंतीवरच्या घड्याळात गेला होता आणि घड्याळातला इथे आला होता. कोणी केलं, हे मी या सदरात लिहिणार नाही. मला घरी जेवायचं आहे. ओळीत लावलेल्या चौघांत एक दमलेला असला की बाकीच्या तिघांचं काही चालत नाही. शिवाय दमलेला सेल तसाच रेटला तर तोच आधी झिरपतो. जुने-नवे एकत्र घालू नयेत ते यासाठीच.

एवढं होऊन यंत्र सुरळीत चालू लागलं आणि खरी अडचण पुढे आली.

प्रश्न आला : हैदराबाद कोणत्या राज्याची राजधानी? धाकटी पर्याय वाचत राहिली. कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, तामिळनाडू. “बाबा, यात तेलंगणा नाहीच की!” तिने कुठलंही दाबलं असतं तरी चूकच. शेवटी तिने आंध्र दाबलं आणि यंत्राने शाबासकी दिली. पुढे ग्रह किती, तर म्हणे नऊ!

खोका पाहिला. तयार केल्याचं वर्ष २०१२. तेलंगणा झालं २ जून २०१४ ला. प्लूटोला तर २००६ मध्येच ग्रहांच्या यादीतून काढलं होतं. सेल काढले की खेळातले गुण पुसले जातात. प्रश्नोत्तरं मात्र चिपमध्ये कायमची कोरलेली, बदलता येत नाहीत. राज्यं किती? यंत्र म्हणालं, २८. हे आज बरोबर आहे, पण योगायोगाने! तेलंगणामुळे ती २९ झाली आणि ३१ ऑक्टोबर २०१९ ला जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर पुन्हा २८.

धाकटी मात्र हटून बसली. “मशीन चुकेल कसं? स्पर्धेत मी काय लिहू?” मला हसू आलं नाही. छापील गाइडमधलं उत्तर चुकीचं असू शकतं, हे कॉलेजातल्या मुलांनाही पटवावं लागतं. सेल उतरला की यंत्र बंद पडून तसं सांगतं. उत्तर शिळं झालं की कोणीच सांगत नाही. ते त्याच ठसक्यात ‘टँ’ करतं.

सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, “मी जन्मले तेव्हा बीदर आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते बघ.” खरंच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर म्हैसूरला गेलं, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आलं. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. माणसं घरात बसली होती, उत्तरं बदलली.

मग धाकटीने खोक्याच्या मागे कागद चिकटवला : ‘ही उत्तरं २०१२ ची आहेत.’ स्पर्धेच्या आदल्या रात्री सासूबाईंनी तिची परीक्षा घेतली. “सांग, बीदर कोणत्या राज्यात?”

धाकटी म्हणाली, “कोणत्या साली, अज्जी?”

२४९ रुपये वसूल झाले. सेलचे वेगळे.