चालतंय ना, मग कशाला बदलायचं?

मंडळी, आजचा विषय आहे शिडाच्या जुन्या बोटीचा एक्झॉस्ट. हसू नका. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले दोन महिने यावरून महाभारत चाललंय. तिथे चार ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहितोय.

माझा पुतण्या इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो. त्याने १९७९ साली बांधलेली शिडाची बोट घेतली आहे. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. त्याच्या एक्झॉस्टचा एल्बो ठिबकायला लागलाय. पुतण्याचा बेत असा, की वरून उष्णता सोसणारी पुट्टी लावायची, त्यावर पट्टी गुंडाळायची आणि उन्हाळा काढायचा.

त्याचे मुद्दे तीन. शिडाची बोट आहे, इंजिन लागतं फक्त बंदरात शिरता-निघताना. दुसरं, डिझेल आहे, विषारी वायू कमी. तिसरं, जुन्या बोटीवर किती ओतायचं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शिवाय जाता जाता, "काका, तुमचं बी.ए. इतिहासातलं ना?"

हो, इतिहासातलंच. म्हणूनच 'एवढ्यानं काय होतंय' म्हणणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते मी आयुष्यभर शिकवलं. आता मुद्द्यांकडे वळू.

आधी ही व्यवस्था समजून घ्या. मोटारीचा धूर कोरडाच बाहेर पडतो. बोटीत तोच गरम पाईप केबिनखालून नेला तर आग लागेल. म्हणून इंजिन थंड करून आलेलं समुद्राचं पाणी एल्बोमध्ये धुरात सोडतात. धूर निवतो आणि पुढे रबरी नळीतून, पाण्याच्या सायलेन्सरमधून, पाण्यासकट मागच्या बाजूने बाहेर पडतो. म्हणजे सगळा भार त्या एका एल्बोवर. एकीकडून कित्येक शे अंशांचा धूर, दुसरीकडून खारं पाणी, शिवाय डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल. तो आतून कुजतो. बाहेर पाणी ठिबकलं याचा अर्थ आतली भिंत केव्हाच गेली. तिथे वरून पुट्टी लावणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

मुद्दा पहिला, इंजिन कमी वापरतो. अरे, म्हणूनच तर जास्त धोका! बंदरात इंजिन संथ चालतं, नीट तापत नाही, एल्बोत काजळीचा थर बसतो. मग आठवडेच्या आठवडे खारा ओलावा आत तसाच राहतो. वाट अरुंद झाली की धुराला बाहेर पडायला जोर लागतो आणि इंजिनाचा दम कोंडतो. भिंत फुटली तर पाणी उलट सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दांडा वाकतो. आणि हे होणार कुठे? बंदराच्या तोंडाशी, जिथे शिडं उभारायला ना वेळ असतो ना जागा.

मुद्दा दुसरा, डिझेल. पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड कमी, हे मान्य. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट तरी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. बोटीवर असं झालं की सगळे काय म्हणणार? "बोट लागली, पडून राहा." आणि माणसाला खाली केबिनमध्ये, त्याच हवेत पाठवणार!

२०१३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरावर एका बोटीत आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी अशाच गेल्या. तिथे पेट्रोलचा जनरेटर होता. त्याला घरच्या घरी जोडलेला एक्झॉस्ट निसटला होता. बोटीवर वायू ओळखणारी यंत्रणाही होती, पण ती जुनी झालेली, वाजलीच नाही. पुतण्या म्हणेल, ते पेट्रोल होतं. बरोबर. पण घरगुती जुगाड तोच, आणि 'चालतंय ना' तेच.

मुद्दा तिसरा, खर्च. एल्बो, नळी आणि क्लिपा यांच्या कितीतरी पट पैसे नव्या इंजिनाला लागतात. यंदा शिडं नवी घेतली, नकाशाचा पडदा नवा घेतला. ते चार लोकांना दिसतं. एक्झॉस्ट कोणाला दिसत नाही, हे खरं दुखणं आहे.

तेव्हा करायचं ते नीट करावं. एल्बो पूर्ण बदलायचा. नळी बोटीच्या एक्झॉस्टसाठीच बनवलेली हवी, मोटारीची नको, आणि प्रत्येक सांध्याला दोन क्लिपा. पाणी सोडण्याची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या फार वर नसेल, तर त्या पाण्याच्या नळीचा वर वाक घेऊन त्यात हवेची झडप बसवायची. नाहीतर वक्रनलिकेच्या तत्त्वाने बंद इंजिनातही समुद्र भरतो. हे आपण सातवी-आठवीत शिकलोय. पाईपवरचं जुनं वेष्टण हाताने खरवडू नये, त्या काळात ॲस्बेस्टॉस वापरत. इंजिन सुरू होत नसेल तर नुसतं फिरवत बसू नये. पाण्याची तोटी बंद ठेवावी आणि सुरू होताच उघडावी. आणि केबिनमध्ये बोटींसाठीचा, ईएन ५०२९१-२ प्रमाणाचा अलार्म लावावा.

आता पुतण्याला थेट सांगतो. त्या बोटीत इंजिनाला लागून जो अरुंद बिछाना आहे, त्याच्या खालून ही नळी जाते. तिथे तुझ्या दोन्ही मुली झोपतात. बोट तुझी, पैसे तुझे, मी बोलणारा कोण? पण नाती माझ्याही आहेत. एल्बो बदलल्याशिवाय त्यांना त्या बिछान्यावर झोपवू नकोस, आणि इंजिनही सुरू करू नकोस. मग खुशाल म्हण, काका फार बोलतात.