दानाचा परिसर

कंपनी कायदा, २०१३ च्या १३५ व्या कलमान्वयें वार्षिक ५ कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा मिळविणाऱ्या कंपनीस गत ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचा २ टक्के भाग लोकहितार्थ खर्चणें प्राप्त आहे. त्यांत परिसरास प्राधान्य सांगितलें आहे. परंतु शिरोलीच्या वा कर्नाटकसीमेलगतच्या कागलच्या कारखानदारानें कुंपणालाच परिसर मानलें, तर भुदरगडच्या डोंगरी वाड्यांनीं कोणाकडे पहावें? हें प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे, असा सरकारी खुलासा २०२१ सालीं झाला. तेव्हां कायद्याची सबब उरली नाहीं. जे. पी. नाईक यांनीं मौनी विद्यापीठासाठीं गारगोटी निवडली ती खेड्याची गरज पाहून, धुराडीं मोजून नव्हे. ज्या गांवचा मजूर भट्टीपुढें घाम गाळतो, तें गांवही कारखान्याचा परिसरच होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.